सहा, दोन, दहा : बायकोच्या सलाईनचे घरचे २८ दिवस

पुवाच्या कल्चर रिपोर्टवर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखतात त्या तपासणीत, ‘बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाई’ असं नाव आलं, की पुढचे सात-आठ महिने घरातलं घड्याळ त्या जंतूच्या हिशेबाने चालणार हे धरूनच चालावं. आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. मराठीत त्याला वेगळं नाव नाही, म्हणून तो आपल्याकडे नाही असं मात्र नाही. उडुपी-मणिपालच्या पट्ट्यातले डॉक्टर त्याला चांगले ओळखतात. गोवा आणि तळकोकणातही तो सापडतो. जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात जोर धरतो, आणि टाचेच्या भेगेतून नाहीतर बोटांच्या बेचक्यातल्या चिरेतून आत शिरतो. लावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनवाणी चिखलात कोण उभं असतं, तर बायका. त्यात मधुमेह असला तर या जंतूला दार उघडंच.

माझ्या बायकोच्या उजव्या घोट्याच्या हाडात तो बसला होता. रोगाचं वर्णन लांबवत नाही. एवढंच सांगतो की, ताप, वजन उतरणं आणि हाडाला सूज हे सगळं क्षयरोगासारखं दिसतं, आणि असे कितीतरी पेशंट आधी क्षयाच्या गोळ्या खात बसतात. लॅबमध्येही हा जंतू कधी नुसता ‘स्यूडोमोनास’ म्हणून, तर कधी बाहेरून मिसळलेला म्हणून बाजूला पडतो. मधुमेह आहे, शेतात काम आहे, पावसाळ्यात सुरू झालं आहे, ही तीन वाक्यं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावीत आणि कल्चरच्या फॉर्मवर लिहून घ्यावीत. नेहमीच्या जेंटामायसिनने किंवा अ‍ॅम्पिसिलिनने हा मरत नाही. सेफट्रायाक्झोन रिपोर्टवर चालेलसं दिसलं तरी या आजारात त्याचा भरवसा धरत नाहीत. सेफ्टाझिडिम नाहीतर मेरोपेनेम, तेही शिरेतून, आणि हाडाला लागण असेल तर कमीत कमी सहा आठवडे. त्यानंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या सहा महिने.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, पण मोजायचे कुठून? आम्ही धरले होते पहिल्या इंजेक्शनपासून. तसं नसतं. हाड उघडून पू काढला आणि त्या पुवात जंतू वाढला, तर मोजणी त्या ऑपरेशनच्या तारखेपासून. हिचा घोटा नऊ दिवसांनी दुसऱ्यांदा साफ करावा लागला, त्या पुवातही जंतू वाढला, आणि आमचे नऊ दिवस पाण्यात गेले. डिस्चार्ज कार्डावर ‘इंजेक्शन अमुक तारखेपर्यंत’ अशी शेवटची तारीखच लिहून घ्यावी. ‘सहा आठवडे’ एवढंच लिहिलं असेल तर केमिस्ट एक हिशेब करतो, घरचे दुसरा आणि सिस्टर तिसरा.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचे १४ दिवस हॉस्पिटलात काढले आणि उरलेले २८ घरी. घरी आणायला डॉक्टर तयार होतात ते काही अटींवर: ताप उतरलेला हवा, साखर आटोक्यात हवी, घरी फोन लागायला हवा, तासाभरात गाठता येईल असं हॉस्पिटल हवं, आणि इंजेक्शन देऊ शकणारी दोन माणसं हवीत. एक पुरत नाही. एकालाच येत असेल तर त्याला ताप आला की सगळं बंद. तापाबद्दल आणखी एक, म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही: बरोबर औषध सुरू होऊनही या आजारात ताप उतरायला आठवडा-दीड आठवडा सहज लागतो. पाचव्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदला असा हट्ट घरच्यांनी धरू नये.

आता नळीबद्दल. हाताच्या शिरेतली साधी कॅन्युला दोन-चार दिवसांत सुजते. ४२ दिवस त्या वाटेने निघत नाहीत. म्हणून दंडातल्या शिरेतून पिक लाईन घालतात. सोनोग्राफीत शीर बघून, भूल देऊन, बारीक लांब नळी वर सरकवत हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात आणि एक्स-रे काढून टोक जागेवर असल्याची खात्री करतात. हिची नळी आत ३८ सेंटिमीटर आणि बाहेर २ सेंटिमीटर होती. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. बाहेरचे २ चे ४ झाले तर टोक जागेवरून सरकलं आहे. तेव्हा औषध द्यायचं नाही, आणि बाहेर आलेली नळी आत ढकलायची तर मुळीच नाही. बाहेर आलेला भाग निर्जंतुक राहिलेला नसतो.

कामाचा हात सोडून दुसऱ्या दंडात नळी घ्यावी. त्या हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नये आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नये. लॅबचा मुलगा सकाळच्या घाईत असतो, त्याला दर वेळी सांगावं लागतं. विहिरीचं पाणी ओढणं, भरलेली कळशी, पाट्यावर वाटणं हे सगळं त्या हाताला बंद. बोटं मात्र हलती ठेवायची, मूठ उघड-मीट करायची. हात गळ्यात बांधून नुसता ठेवला तर खांदा धरतो.

पहिली खरी अडचण आली ती ब्लाऊजच्या बाहीची. दंडावर चिकटपट्टी, त्यातून लोंबणारं नळीचं तोंड आणि त्यावर कसलेली बाही. काढताना-घालताना नळी ओढली जाणारच. टेलरकडून तीन ब्लाऊजांच्या डाव्या बाहीची शिवण खांद्यापर्यंत उसवून घेतली आणि टिचबटणं लावली. बाही पानासारखी उघडते, इंजेक्शन देता येतं, आणि बाईमाणसाला चारचौघांत अवघडल्यासारखं होत नाही. हॉस्पिटलच्या सूचनांच्या कागदावर असलं काही नसतं.

हिचं औषध सेफ्टाझिडिम, दर आठ तासांनी २ ग्रॅम. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. सेफ्टाझिडिम रक्तातून लवकर उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं होतं. जंतू मरतो तो औषध किती चढलं यावर नाही, ते ठरावीक पातळीच्या वर किती वेळ टिकलं यावर. म्हणून ‘सकाळी एक, संध्याकाळी दोन एकदम’ असं चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचा उशीर झाला तर औषध देऊन टाकावं आणि पुढची वेळ आहे तीच ठेवावी. एखादी वेळ पुरतीच चुकली तर डॉक्टरांना फोन करावा. दुप्पट कधीच देऊ नये.

१ ग्रॅमच्या दोन बाटल्या एका वेळी, दिवसाला सहा, २८ दिवसांच्या १६८. एकदम घेऊ नयेत. मध्येच औषध बदललं किंवा किडनीचा रिपोर्ट बिघडून डोस कमी झाला, तर उरलेला खोका केमिस्ट परत घेईलच असं नाही. दहा-दहा दिवसांच्या घ्याव्यात, शक्यतो एकाच कंपनीच्या, म्हणजे रबर, झाकण, बाटलीचा आकार हाताला सरावाचा होतो. खोक्यावर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन. स्वयंपाकघर सोडून घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा शोधावी. आमच्याकडे ती देवघराच्या खालचं कपाट ही निघाली.

बाकीचं सामान एका वेळेला असं लागतं: १०० मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली, आयव्ही सेट, नळी धुण्यासाठी १० मिलीच्या दोन सिरिंज, २० मिलीची एक औषध काढायला, इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, स्पिरिटचे बंद पाकिटातले स्वॅब सहा-सात, हातमोजे, टोपण. डिस्टिल्ड वॉटर म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणणारा माणूस मी पाहिला आहे. हसू नये, नावच तसं आहे. पाण्याच्या अँप्यूलवर ‘इंजेक्शनसाठी’ असं लिहिलेलं हवं.

कृती सांगतो. ही पहिल्या आठवड्यात पाऊण तास खाते, तिसऱ्या आठवड्यात तयारी वीस मिनिटांत होते, आणि हात बसला की चुका सुरू होतात.

पंखा बंद. दार ओढून घ्यायचं, मांजर बाहेर. स्टीलचं मोठं ताट स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. अंगठी, घड्याळ, मनगटाचा गंडा काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, चांगलं मिनिटभर, नखांच्या कडांसकट. आणि पुसायचे कागदी टिश्यूला. खांद्यावरच्या पंचाला हात पुसला की धुतलेलं सगळं फुकट.

बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण उडवलं की खालचं रबर स्वच्छ दिसतं. ते निर्जंतुक नसतं. स्वॅबने पुसून सुकू द्यायचं. मग १० मिली पाणी आत सोडायचं, सुई काढून घ्यायची आणि बाटली हलवायची. इथे सेफ्टाझिडिमचा स्वभाव कळतो. पावडरीत सोडिअम कार्बोनेट असतं. पाणी लागलं की सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बाटलीत दाब तयार होतो. दोन मिनिटं ठेवली की फेस बसतो आणि पिवळसर, स्वच्छ पाणी दिसतं. रंग फिकट पिवळ्यापासून मधासारखा असू शकतो, त्याला घाबरू नये. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर मात्र बाटली बाजूला ठेवावी. औषध विरघळण्याआधी हवा काढायला सुई खुपसायची नाही, औषधच फवाऱ्यासारखं बाहेर येतं. विरघळल्यावर सिरिंजचा दांडा पूर्ण आत दाबलेला ठेवून बाटली उलटी धरायची, सुई घालायची आणि टोक औषधात बुडलेलं ठेवायचं. दांडा आपोआप मागे सरकू लागतो, ओढावासुद्धा लागत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. पावडरीमुळे औषध १० मिलीहून थोडं जास्त भरतं, म्हणून इथे २० मिलीची सिरिंज. १० ची घेतली तर शेवटचे थेंब बाटलीत राहतात. सिरिंजमध्ये बुडबुडे आले तर टिचकी मारून वर आणायचे आणि काढून टाकायचे.

दोन्ही बाटल्यांचं औषध १०० मिली सलाईनमध्ये, रबराच्या तोंडातून. बाटली दोनदा उलटी-सुलटी करून लगेच लावायची. सकाळीच दिवसभराचं कालवून ठेवू नये, आपल्याकडच्या उष्म्यात तर नाहीच. ऑस्ट्रेलियात डार्विनला हेच औषध फुग्यासारख्या पंपात २४ तासांचं ६ ग्रॅम भरून कमरेला लावून पेशंटला घरी सोडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐकायला फार बरं वाटलं. आमच्याकडे वाश्याला ठोकलेला खिळा होता.

बाटलीला हवा जावी म्हणून वरून एक सुई खुपसून ठेवायची पद्धत दवाखान्यांत सर्रास दिसते. ती घरी करू नये. त्या सुईतून खोलीतली हवा थेट औषधात जाते. हवेची झडप आणि फिल्टर असलेला सेट मिळतो, तो मागून घ्यावा. सेटच्या थेंब पडायच्या भांड्यात निम्म्यापर्यंत औषध घेऊन मग नळी भरायची. तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा राहिला म्हणून रात्र जागवू नये. वीतभर मोकळी हवा मात्र जाता कामा नये.

आता पिक लाईन. तोंडावर सुईशिवाय जोडायची टोपी असते. ती स्वॅबने लिंबू पिळल्यासारखी मळत १५ सेकंद घासायची आणि सुकू द्यायची. फुंकर घालायची नाही. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण घासून काही दिसत नाही. मग सलाईनची १० मिलीची सिरिंज लावून आधी हलकेच मागे ओढायचं. लाल धार दिसली म्हणजे वाट मोकळी. नंतर पुढे ढकलायचं, पण एका दमात नाही. थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब. या धक्क्यांनी नळीच्या आतल्या भिंती धुतल्या जातात. सिरिंज १० मिलीपेक्षा लहान वापरायची नाही. २ किंवा ५ मिलीची सिरिंज हाताला हलकी लागते, पण तिच्यातला दाब कितीतरी जास्त असतो आणि नळी फुटू शकते. जात नसेल तर जोर करायचा नाही. आधी नळीवरचा चिमटा उघडा आहे का बघावं. दहातल्या पाच वेळा तोच बंद असतो. मग हात सरळ करून, मान दुसरीकडे वळवून, खोकून बघावं. तरीही नाही गेलं तर हॉस्पिटल. गुठळी जोराने आत ढकलली तर ती कुठे जाईल हे आपल्या हातात नाही.

थेंबांचा हिशेब: साध्या सेटला २० थेंबांचा १ मिली होतो, पाकिटावर छापलेलं असतं. औषध घातल्यावर बाटलीत साधारण १२० मिली होतं. ते ४० मिनिटांत द्यायचं तर मिनिटाला ६० थेंब, म्हणजे सेकंदाला एक. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीबरोबर थेंब जुळवला की झालं. पाच मिनिटांनी परत मोजावं, कारण सेटवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक आपोआप सैल होतं. या पद्धतीला वीज लागत नाही हा तिचा मोठा गुण. परतीच्या पावसात संध्याकाळी गडगडायला लागलं की आमच्याकडे दिवे जातातच. डोक्याला लावायचा टॉर्च घ्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काम करू नये, हे लिहायची वेळ यावी यातच सगळं आलं.

बाटली संपत आली की भांडं कोरडं पडण्याआधी चाक बंद, टोपी पुन्हा १५ सेकंद घासून १० मिली सलाईन तसंच धक्क्याधक्क्याने. शेवटचा अर्धा मिली ढकलता ढकलता चिमटा लावायचा, म्हणजे रक्त मागे नळीत येऊन गोठत नाही. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालायचं की नाही हे लाईन घालणाऱ्यांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे. सेट जास्तीत जास्त २४ तास चालतो, तोही टोकाला प्रत्येक वेळी नवं निर्जंतुक टोपण लावलं तर. आम्ही दर वेळी नवा घेत होतो. खिळ्यावर उघडं टोक लोंबत ठेवलेला सेट परत लावण्यापेक्षा तो खर्च परवडला.

ड्रेसिंग आठवड्यातून एकदा, सिस्टरकडूनच. पारदर्शक चिकटपट्टी, खाली क्लोरहेक्सिडिनचं स्पिरिट, आणि त्याच दिवशी टोपीही नवी. पुस्तकात सात दिवस असले तरी कोकणातला घाम सात दिवस थांबत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कड सुटायला लागते. सुटलेल्या कडेवर वरून दुसरी चिकटपट्टी डकवायची नाही. आत दमट राहतं. कड सुटली, आत पाणी गेलं, रक्त दिसलं की ड्रेसिंग त्याच दिवशी बदलायचं. अंघोळ बसून. दंडाला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म तीन वेढे आणि दोन्ही टोकांना टेप. डोक्यावरून पाणी घ्यायचं असेल तर दुसऱ्याने ओतायचं.

वहीत रोज सहा रकाने: वेळ, ताप, साखर, नळीची बाहेरची लांबी, दंडाचा घेर, शेरा. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने, कोपराच्या वर चार बोटांवर, रोज त्याच जागी. घेर वाढला, काखेत दुखलं, मानेच्या शिरा फुगल्यासारख्या दिसल्या तर शिरेत गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. नळी धुतल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला तर नळीलाच लागण झाल्याचा संशय. त्या दिवशी पुढच्या डोसची वाट बघू नये, नळीतून काही न देता थेट हॉस्पिटल गाठावं. नळी फुटली तर फुटीच्या वरच्या बाजूला, म्हणजे कातडीकडे, दुमडून घट्ट धरावं आणि तसंच निघावं. ही तीन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

दर आठवड्याला रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशिअम, सीआरपी (लागणीचा जोर दाखवणारी), लिव्हर. क्रिएटिनिन वाढलं तर सेफ्टाझिडिमचा डोस कमी करावा लागतो. न केल्यास औषध साठतं आणि पेशंट बरळायला लागतो, हातपाय झटकतो. घरचे समजतात अशक्तपणा आहे. बरेच दिवसांच्या औषधाने पांढऱ्या पेशी उतरू शकतात. दिवसाला चार-पाच पातळ जुलाब झाले तर ‘बाधलं असेल’ म्हणून घरगुती थांबवायचं औषध देऊ नये, डॉक्टरांना कळवावं.

साखरेचं एक गणित बहुतेकांना फसवतं. लागण जोरात असताना साखर चढते म्हणून इन्सुलिन वाढवलेलं असतं. औषध लागू पडलं, जेवण सुधारलं, की दोन-तीन आठवड्यांनी शरीराची गरज कमी होते, आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर घसरते. आमच्याकडे हे नेमकं नवरात्रात आलं. उपास करायचा नाही हे ठरलेलं होतं, पण सकाळी नैवेद्य होईपर्यंत पोटात काही नाही आणि इन्सुलिन तर घेतलेलं. सकाळी सहाच्या सलाईननंतर घाम सुटला तर तो औषधाचा समजू नये, आधी बोट टोचावं. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी.

हाडाच्या लागणीत को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या बहुधा इंजेक्शनांबरोबरच सुरू करतात, सहा महिने मात्र इंजेक्शनं संपल्यावर मोजायचे. डोस वजनावर. ४० ते ६० किलोला डीएसच्या (दुप्पट ताकदीच्या) दीड-दीड गोळ्या दोन वेळा, ६० च्या वर दोन-दोन. म्हणजे नेहमीच्या लघवीच्या त्रासाला देतात त्यापेक्षा बरंच जास्त; केमिस्ट दोनदा चिठ्ठी वाचतो आणि ‘चुकून लिहिलंय का’ म्हणून विचारतो. चुकून नसतं. बरोबर फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. पाणी भरपूर. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे औषध साखर आणखी उतरवतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आणि शहाळं. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण कोकणात दोन शहाळी घेऊन येतो. या गोळ्या शरीरातलं पोटॅशिअम अडवून धरतात आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशिअमच भरलेलं. पोटॅशिअम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. एखादं शहाळं विष नव्हे, पण दिवसाला दोन-तीन, वर केळी, असा रतीब लावू नये. आमच्या पडवीत एका वेळी अकरा शहाळी रांगेने होती. आल्यागेल्यांना सोलून दिली.

येणाऱ्यांचा दुसरा प्रश्न लागण होते का हा. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची, पोरांना लांब ठेवण्याची गरज नाही. जखमेचं ड्रेसिंग करताना हातमोजे घालावेत, बस्स.

रोजच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून. सुईला परत टोपण चढवायला जाऊ नये, टोचते ती तेव्हाच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, नळ्या-सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात जातात. तसेच तीन भाग घरी केले तर हॉस्पिटलवाले कुरकुर न करता ठेवून घेतात. दर आठवड्याला ड्रेसिंगला जाताना तेच ओझं बरोबर न्यायचं. काचेच्या रिकाम्या बाटल्या माडाच्या बुंध्याशी पुरणं, परसात जाळणं हे करू नये. पुढच्या पावसात तीच काच कुणाच्यातरी पायात जाते.

जागरणाचं सांगतो. रात्री दहाचं उरकून सामान आवरेपर्यंत अकरा, पहाटे साडेपाचला उठायचं. हे दोघांनी वाटून घ्यावं. आम्ही सकाळ-दुपार माझी आणि रात्र भाच्याची अशी पाळी लावली होती. देणाऱ्याने बाटलीवर पेनने वेळ लिहायची आणि वहीत टिक करायची. तोंडी ‘दिलं ना?’ यावर विसंबलं तर एक दिवस डोस दोनदा जातो नाहीतर जातच नाही.

पेशंटला काम ठेवावं. घासायचे १५ सेकंद ही मोजत असे, मोठ्याने, आणि बारालाच मी हात उचलला तर परत एकपासून. थेंबही तीच मोजायची. दंडात काय चाललंय हे सगळ्यात आधी तिला कळतं: गार वाटतंय, खुपतंय, कानाशी खळखळ ऐकू येतेय. शेवटचं असं कधी म्हणाली तर ते हसण्यावारी नेऊ नये. नळीचं टोक मानेच्या शिरेकडे वळलं असेल तर ढकलताना कानाशी आवाज येतो असं पेशंट सांगतात.

शेवटच्या डोसनंतर लगेच नळी काढत नाहीत. आधी सीआरपी, एक्स-रे, सर्जनचा शेरा. सगळं ठीक असेल तर मग. काढायला पाच मिनिटं लागतात. पेशंटला आडवं करून, श्वास सोडायला सांगून, नळी हळूहळू ओढतात, पाच मिनिटं दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात, ती दुसऱ्या दिवशी काढायची. बाहेर आलेली नळी मोजून घ्यावी. आमच्या पहिल्या पानावर आत ३८, बाहेर २. सिस्टरने टेबलावर पट्टी लावून पूर्ण ४० दाखवले आणि मी वहीत सही केली.

त्यानंतर गोळ्यांचे सहा महिने, आणि लोक इथे ढेपाळतात. घोटा दुखत नाही, ताप नाही, चालता येतं, मग कडू गोळ्या कशाला? मध्येच सोडल्या की हा जंतू परत उठतो, आणि मग पुन्हा नळी, पुन्हा सहा, दोन, दहा. आमच्या गोळ्या एप्रिलअखेर संपतात. मे महिन्यात गमबूट घ्यायचे आहेत. बायकांच्या मापाचे सहज मिळत नाहीत, आणि मोठे घेतले तर लावणीच्या चिखलात पाऊल वर येतं नि बूट खालीच राहतो. पाचचं माप मागवायचं, आत जाड मोजे, आणि पोटरीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची. टाचेच्या भेगांना आतापासूनच रोज रात्री कोकमाचं तेल चालू आहे.